कामट्यांची पोर

प्लास्टिक तेव्हा आमच्या भागात कंगव्यात आणि बटणांत होतं, त्यापलीकडे फारसं कुठे दिसायचं नाही. पुढे रस्ता खणला आहे हे गाडीवाल्याला कळवायचं तर मोठे दगड मांडायचे, त्यांना चुना फासायचा आणि दिवेलागणीला लाल काचेचा कंदील टांगायचा, एवढीच रीत होती. माझे यजमान रस्त्याच्या कामावर मिस्त्री होते. साठ सालानंतरची ती दोन-तीन वर्षं आमचा मुक्काम विसरवाडीला होता. सुरतेकडून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याखालच्या, ओढ्याचं पाणी पलीकडे सोडणाऱ्या जुन्या मोऱ्या उकरून नव्यानं बांधायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. अर्धा रस्ता उकरलेला असायचा आणि उरलेल्या अर्ध्यावरून दोन्ही बाजूंच्या गाड्या आळीपाळीनं सोडायच्या.

मी तापीकाठची, सारंगखेड्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली. आमची गुजर माणसं, कापूस आणि केळीच्या शेतांत वाढलेली. गाव म्हटलं की नदी, असंच मला वाटायचं. विसरवाडीला आले आणि पहिल्यांदा कळलं की गाव रस्त्याच्या काठावरही वसतं. आमच्या दोन खोल्या रस्त्याला लागूनच होत्या, पुढे पत्र्याची पडवी. दिवसभर ट्रक थांबायचे, क्लीनर लोक टायर ठोकून बघायचे, समोरच्या टपरीत चहा उकळत असायचा. मला माहेरची सवय अशी की दुपारी शेजारणी भरतकाम घेऊन ओट्यावर बसणार. इथे ओट्यावर बसलं की ट्रकची धूळ तोंडात. तरी मी बसायची, दुसरं करणार काय?

त्या साली दिवाळीनंतर काम सुरू झालं आणि आठवड्याभरातच अपघात झाला. उकरलेल्या मोरीपुढे हारीनं मांडलेल्या दगडांवर एक ट्रक चढला. ट्रकचा आस मोडला आणि क्लीनरचा पाय दाबला गेला. माणूस वाचला, पण पाय गुडघ्यापासून गेला. हे घरी आले ते भिंतीला टेकून बसले. ताट वाढलं, ते तसंच राहिलं.

"दगड मीच ठेवायला लावले," ते म्हणाले. "खड्ड्यात पडू नये म्हणून ठेवले आणि दगडांनीच घात केला."

"मग पिंपं ठेवा ना," मी म्हटलं.

डांबराची रिकामी पिंपं त्यांनी आधी ठेवून पाहिली होती. दुसऱ्या दिवशी ती कोणाच्या तरी दारात धान्य भरून उभी असायची. त्यात लोकांचं काही चुकत नव्हतं. पिंप ही फार उपयोगाची वस्तू, आणि रस्त्यावर उभं करून ठेवलेलं कोणाला बघवणार? तेव्हा पिंपांचा विषय तिथेच संपला.

पुढचं जे झालं ते वाऱ्यानं झालं. आमच्या शेजारी रस्त्यावर काम करणाऱ्या एका मैलकुलीचं घर होतं. त्याच्या बायकोनं कोंबड्या झाकायचं डालगं, म्हणजे ती मोठी उपडी टोपली, चुन्याच्या पोत्याशेजारी वाळत ठेवलं होतं. ते चुन्यानं पांढरंफेक झालं होतं. दुपारी वावटळ आली आणि डालगं गडगडत थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन बसलं. सुरतेकडून ट्रक येत होता. त्यानं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला, डालग्यापाशी गेला, त्याला पायानं ढोसलं, आणि मोठ्यानं हसायला लागला.

"अरे, मला वाटलं म्हातारी बसली आहे!" तो टपरीकडे बघून ओरडला. "टोपलीनं थांबवलं मला!"

यजमान पडवीत उभे होते. त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे बाजारात टोपल्या विकणाऱ्या बाईची चौकशी केली.

ती बाई मला ठाऊक होती. विसरवाडीच्या बाजारात ती आणि तिचा नवरा सुपं, टोपल्या, कणग्या घेऊन बसत. रानालगतच्या पाड्यावर त्यांची झोपडी होती. घरात त्यांची बोली वेगळी, ती मला कळायची नाही. माझ्याशी ती बाजारातल्या अहिराणीत बोलायची. ती मला मिस्त्रीणबाई म्हणायची, मी तिला मावशी. वयानं माझ्या आईएवढी असेल. हाताच्या बोटांना कामट्या, म्हणजे बांबूच्या पातळ चिरफळ्या लागून लागून घट्टे पडलेले. नवरा खोकल्यानं बेजार होता. तो बसल्या जागी कोयत्यानं बांबू चिरून द्यायचा आणि ती विणायची.

यजमानांनी तिला समजावलं. कमरेएवढ्या उंच, खाली रुंद, वर निमुळत्या टोपल्या हव्यात. धक्का लागला तर चेपतील, माणूस मरणार नाही आणि गाडी मोडणार नाही. चुना आम्ही फासू, गेरूचे पट्टे आम्ही ओढू.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यामा काय ठेवतीस?"

"काही नाही ठेवायचं."

"रिकामी?"

"रिकामीच. नुसती उभी राहील."

ती नवऱ्याकडे बघून आपल्या बोलीत काहीतरी बोलली आणि दोघंही हसले. रिकामी ठेवायला कोणी टोपली करून मागतं हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

रिकाम्याच राहायच्या म्हणून बिनबुडाच्या विणलेल्या टोपल्या आल्या, चुना बसला, रस्त्यावर उभ्या राहिल्या. लांबून छान दिसायच्या. धक्का लागला की एका अंगाला कलायच्या, मैलकुली परत सरळ करायचा. त्या कोणी उचलूनही नेल्या नाहीत, कारण बूड नसलेली टोपली घेऊन करणार काय? यजमान खूश झाले.

मग एके दिवशी मावशीनं आणलेल्या टोपल्यांत एकीला वर लांब मान निघालेली होती आणि मानेच्या टोकाला चोच.

"हा काय शे?" मी तिच्याच भाषेत विचारलं.

"बगळा," ती म्हणाली. "पांढरी उभी राहिनी ना रस्तावर, तवय मले बगळाच दिसना. मंग चोच करी दिन्ही."

तिला त्या टोपलीत बगळाच दिसला होता. नवापूरकडची भातशेती आठवा. पाणी भरलेल्या खाचरात बगळे असेच उभे असतात. यजमान आधी कपाळाला हात लावून बसले, मग म्हणाले, राहू दे एक. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की बाकीच्या टोपल्यांपाशी गाड्या येतात तशा जातात, पण बगळ्यापाशी प्रत्येक गाडी हळू होते. ड्रायव्हर मान बाहेर काढून बघतो. गाडी हळू करायला लावणं हेच तर सगळं काम होतं.

त्यानंतर मावशीला कोणी अडवलं नाही. ससे आले, घुबड आलं, पोट सुटलेला एक सावकारासारखा बेडूक आला. रस्ता आडवा बंद करायचा तिथे बांबूचा आडणा टाकायच्या जागी तिनं लांबच लांब मगर विणली. चार जणांना उचलावी लागायची, पण वजन काहीच नाही, नुसती लांबी. निशाण दाखवणारा माणूस, ज्याच्या एका हातात लाल आणि दुसऱ्या हातात हिरवं फडकं असायचं, तो गाडी सोडायची वेळ झाली की ओरडायचा, "मगर उचला रे!" एस.टी.तली पोरं खिडकीला चिकटायची. खताच्या गोणींसारखे पडलेले आमचे दिवस त्या प्राण्यांनी हलते केले.

माझाही हात त्यात लागला. रात्री गाड्यांना प्राणी दिसेनात, म्हणून काय करावं असा यजमानांना प्रश्न होता. माझ्या माहेरच्या पेटीत आभले होते, भरतकामात टाचायचे ते आरशाचे गोल तुकडे. मी ते घुबडाच्या डोळ्यांत शिवले. दिवेलागणीला पहिल्या ट्रकचे दिवे त्यावर पडले आणि घुबडानं डोळे उघडले. समोरच्या टपरीतला माणूस किटली हातात तशीच धरून बघत राहिला. मग मी माहेरी निरोप धाडून आणखी आभले मागवले. दुपारी मावशी पडवीत विणायला बसायची आणि मी तिच्या शेजारी सुई घेऊन. बेडकाला डोळे, सशाला डोळे, मगरीच्या पाठीवर दोन्हीकडून ओळ. माहेरच्या ओट्यावरच्या दुपारी मला परत मिळाल्या होत्या.

खात्यातले एक साहेब पाहणीला आले तेव्हा यजमान टोपी सावरत पुढे गेले. साहेब जीपमधून उतरले, बेडकाभोवती एक फेरी मारली.

"मिस्त्री, हे कुठल्या नियमात बसतं?"

"साहेब, दगड बसत होते. त्यात एकाचा पाय गेला."

साहेबांनी बेडकाचं पोट बोटानं दाबून पाहिलं. मग म्हणाले, "माझ्यावरचे साहेब यायच्या दिवशी आत ठेवा." जाताना त्यांनी मगरीच्या तोंडात हात घालून पाहिला, हे मी पडवीतून बघितलं.

त्याच दिवसांत एकदा मावशीनं विणता विणता विचारलं, "ह्या गाड्या कथा जातीस?"

"सुरतेला. बारडोलीकडे. तिकडून पुढे मुंबईलाही."

"उसना मुलूखमा?"

"हो, उसाच्या मुलखातूनच."

तिचे हात थांबले. मग तिनं सांगितलं. तिची एकच पोर. तीन हंगामांपूर्वी टोळीबरोबर ऊस तोडायला गेली होती. टोळी परत आली, पोर आली नाही. कोणी म्हणालं आजारी पडली, कोणी म्हणालं कोणाबरोबर निघून गेली. ज्यानं नेलं होतं तो पुन्हा या बाजूला फिरकला नाही. नवरा दोनदा जाऊन आला. भाषा येत नाही, गावाचं नाव ठाऊक नाही. उसाची शेतं सगळी सारखी. विचारायचं तरी कोणाला? दुसऱ्या वेळी परत आला तो खोकला घेऊनच.

"तिना हातवर मोर शे," मावशी म्हणाली. पोर लहान असताना नवापूरच्या बाजारात गोंदवून घेतलेला. गोंदणारीनं मान काढायला घेतली आणि पोरीनं दुखलं म्हणून हात ओढला. मोराची मान मोडल्यासारखी वाकडी झाली, ती झालीच. "तसा मोर दुसरा कोनाले नही."

मी सुईत दोरा ओवत राहिले. पण तिच्या मनात काहीतरी ठरलेलं होतं. मोठ्या पुलाचं काम तेव्हा निघायचं होतं. जुना पूल पाडून गाड्या नदीच्या पात्रात उतरवून पलीकडे चढवायच्या होत्या. उतार वाईट होता. तिथे काहीतरी मोठं, लांबून दिसणारं हवं, असं यजमान म्हणत होते. मावशी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दादा, तठे मी बाई करसू. उभी. हात वर करीसन."

आणि तिनं केली. माणसाहून उंच, कमरेत बारीक, घेर मोठा, उजवा हात थांबा म्हणून वर केलेला. नवऱ्यानं त्या हातासाठी बांबू निवडायला दोन दिवस घेतले. खोकत खोकत पाड्यावरून चालत आला आणि हात बसवताना स्वतः उभा राहिला. त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत मावशीनं काजळी आणि तेल कालवून मोर काढला. वाकड्या मानेचा. मी माझं एक जुनं हिरवं पातळ दिलं. ते नेसवल्यावर मावशी चार पावलं मागे गेली, बघितलं, पुढे येऊन पदर डोक्यावरून खाली खांद्यावर घेतला.

"ती डोकावर घेत नही," एवढंच म्हणाली.

यजमानांनी निशाणवाल्याला सांगून ठेवलं, की उतारावर थांबणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला हा मोर दाखवायचा. तो मनापासून करायचा. "भैया, इसके हाथ पे जो मोर है, वैसा मोर किसी औरत के हाथ पे देखा है?" काही हसायचे, काही चेष्टा करायचे. पण पुष्कळसे खाली उतरून नीट बघायचे. कोणी म्हणायचं व्याऱ्याकडे एक बाई आहे, पण तिचा मोर सरळ मानेचा. कोणी म्हणायचं बघतो, सांगतो. महिनाभर मावशी रोज संध्याकाळी पाड्यावरून खाली यायची आणि निशाणवाल्याला विचारायची. तो मान हलवायचा. ती परत जायची, पण तिच्या चालीत ओझं नसायचं. आपण विचारतो आहोत, इतक्या लोकांना विचारतो आहोत, याचं तिला बळ होतं.

मग एक ट्रक उतारावरून ब्रेक निकामी होऊन खाली आला. भरलेला ट्रक. सगळे ओरडत बाजूला पळाले. ड्रायव्हरनं वाळूत घातला आणि ट्रक रुतत रुतत बाईच्या अगदी पुढे येऊन थांबला. तिच्या वर केलेल्या हाताला काचेचा स्पर्श झाला असेल नसेल इतकाच. ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं तिच्या पायांशी डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी परत येऊन नारळ फोडला आणि कपाळाला कुंकू लावलं.

त्याला कोण काय म्हणणार? मीसुद्धा त्याच्या जागी तेच केलं असतं. पण ती गोष्ट रस्त्यानं सुरतेपर्यंत गेली आणि धुळ्यापर्यंत गेली. येणारा प्रत्येक ड्रायव्हर नारळ घेऊन यायला लागला. हिरव्या पातळावर लाल ओढणी आली, तिच्यावर आणखी एक. हार आले. कुंकवाच्या जागी आधी कपाळावर आलेला शेंदूर गालावर, गळ्यावर आला, आणि होळीच्या सुमारास कोणीतरी तेलात कालवून वर केलेला हात बोटांपासून खांद्यापर्यंत शेंदरानं माखला. मोर त्याखाली गेला. निशाणवाला आता खोबऱ्याचा प्रसाद वाटायचा. विचारायचं त्याच्या लक्षातच राहीना, आणि विचारलं असतं तरी दाखवणार काय?

मावशीला ते दिसलं त्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. ती हाताशी गेली आणि पदराच्या टोकानं शेंदूर पुसायला लागली. तेवढ्यात नारळ घेऊन उभा असलेला एक ड्रायव्हर पुढे धावला.

"ए माई! हाथ मत लगाना! देवी है!"

"मन्ही पोर शे ती," मावशी म्हणाली.

त्याला कळलं नाही. त्यानं निशाणवाल्याकडे बघितलं. निशाणवाल्यानं काहीतरी सांगितलं असावं, की हिनंच बनवली आहे वगैरे. ड्रायव्हरनं तिला हात जोडले, तिच्याही पायाला हात लावला, पण मूर्तीजवळ जाऊ दिलं नाही. मागे आणखी चार-पाच जण उभे होते. यजमान आले, त्यांनी समजावून पाहिलं. एकजण म्हणाला, "मिस्त्रीसाहेब, शेंदूर पुसला आणि उद्या कोणाची गाडी उलटली, तर?" यजमान मागे सरले. क्लीनरचा पाय ते विसरले नव्हते.

डोळे मिटून हात जोडणाऱ्यांकडे मागे वळून बघत मावशी परत येताना वाटेत एकदाच बोलली. "आधी देखत व्हतात. आते डोया मिटी लेतस."

तिनं दुसरी बाई करावी, लहान, रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला उभी करू, असं मी तिला पुष्कळ म्हटलं. ती हो म्हणाली. पण नवऱ्याचा खोकला वाढला होता, बांबू चिरणारं कोणी नव्हतं. चैत्रात तो गेला. शेवटी शेवटी तो झोपडीच्या दाराकडे तोंड करून निजायचा, असं मावशीनंच मला नंतर सांगितलं. वाट रस्त्याकडून यायची, म्हणून.

पावसाच्या आधी पूल झाला. गाड्या वरून जायला लागल्या. बाईचं काय करायचं, हा प्रश्न आला तर मैलकुली हात लावायला तयार होईनात. शेवटी टपरीवाल्यांनी आणि ड्रायव्हरांनी मिळून तिला वाजतगाजत काठावरच्या चिंचेखाली नेलं आणि तिच्या पुढे एक शेंदूर फासलेला दगड बसवला. पावसाळ्यात कामट्यांना वाळवी लागली. श्रावण संपेपर्यंत नुसता दगड राहिला. लोकांचं त्यानंही भागलं.

दसऱ्यानंतर एका दुपारी मावशी पडवीत आली. तिच्या मागे एक तरुण बाई होती, कडेवर वर्ष-दीड वर्षाचं मूल. डोक्यावर पदर नव्हता. मी काही विचारायच्या आधीच माझी नजर तिच्या हाताकडे गेली. मोर होता. वाकड्या मानेचा.

मला इतका आनंद झाला की मी मुलाला ओढूनच घेतलं. मी चहा केला, मुलाला केळं दिलं, आणि हळूहळू पोरीनं सांगितलं. ती टोळीतल्याच एकाबरोबर गेली होती, दुसऱ्या जातीतल्या. बाप कोयता घेऊन उठेल या भीतीनं कोणाला काही कळवलं नाही. बारडोलीच्या बाजूला एका गुऱ्हाळावर दोघं कामाला होती. नवरा चांगला निघाला. बाप गेल्याचं तिला आता कळलं, तिकडच्या बाजारात टोपल्या विकायला आलेल्या नात्यातल्या एका माणसाकडून. कळलं तशी ती निघाली.

"मधे कधी यावंसं वाटलं नाही?" मी विचारलं.

तिनं आईकडे बघितलं. आईनं मान वळवली. हे तिला आधीच सांगून झालं असावं.

"आलते," ती म्हणाली. शिमग्यानंतर नवऱ्याला साक्रीकडे काम मिळालं होतं, तेव्हा एस.टी.नं याच रस्त्यानं गेली होती. आपला पाडा जवळ आला म्हणून ओळखीचं कोणी दिसू नये यासाठी तोंड झाकून बसली होती. नदीच्या उतारावर गाडी थांबली. कंडक्टर खाली उतरला, त्यानं नारळ फोडला. सगळी गाडी खिडकीतून नमस्कार करत होती.

"मीबी नमस्कार कया," ती म्हणाली. "पोऱ्याले बी करावना. देवी व्हती ना."

मी मावशीकडे बघायचं टाळलं. पण विचारल्यावाचून राहवलंही नाही. "तिच्या हातावर तुझा मोर होता. शेंदराच्या खाली. तो दिसला असता तर?"

तिला क्षणभर कळलंच नाही. मग तिनं स्वतःच्या हातावरच्या मोराकडे बघितलं, बराच वेळ.

"उतरनी असतू," ती म्हणाली.

तेव्हा तिचा बाप जिवंत होता. कोयता उचलायची ताकद त्याच्यात उरली नव्हती, आणि मला नाही वाटत की ताकद असती तरी त्यानं उचलला असता. ज्यानं त्या हातासाठी दोन दिवस बांबू निवडला तो माणूस नातवाला बघून काय करतो, हे आम्हा कोणाला बघायला मिळालं नाही. आज इतक्या वर्षांनी मला त्या दुपारची आठवण येते तेव्हा पोर सापडल्याचा आनंद मागे राहतो आणि हीच चुटपुट पुढे येते. कोणाचं काय चुकलं, हे मी पुष्कळदा शोधून पाहिलं. ज्याचे प्राण वाचले त्यानं कुंकू लावलं. ज्यांना भीती वाटली त्यांनी शेंदूर लावला. पोरीनं देवी बघून हात जोडले. एकेकट्याचं काहीच चुकलं नाही.

पुढच्या हंगामात खात्याकडून पत्र्याच्या पाट्या आल्या. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, लोखंडी पाय, बरोबर लाल रंगाची छोटी पिंपं, कोणी नेऊ नयेत म्हणून बूड फोडून पाठवलेली. वरच्या जागेवर आलेले नवे साहेब कडक होते. आमचे प्राणी शेडमध्ये गेले. थंडीत डांबर तापवायला ओली लाकडं पेटेनात, तेव्हा मैलकुलींनी आधी बेडूक घातला, मग ससे. यजमान कामावरून आले तेव्हा मगरीचं शेपूट तेवढं उरलं होतं. ते कोणाला रागावले नाहीत. आभले मात्र राखेतून शोधून आणून माझ्यापुढे ठेवले. काळे पडलेले, तडकलेले. मी ते घासले, पण लखलखले नाहीत.

मावशी लेकीबरोबर बारडोलीकडे जायला निघाली, तेव्हा मी एस.टी.च्या थांब्यावर गेले होते. तिच्याजवळ कपड्यांचं गाठोडं आणि कामट्यांची एक मोळी होती. तिकडे बांबू चांगला मिळत नाही असं तिनं ऐकलं होतं. मी म्हटलं, "मावशी, तिकडेही रस्ते आहेत. तिकडे बगळे उभे करा."

ती हसली, पण मान हलवली.

"आते टोपल्याच करसू. टोपलीना कोनी पाया पडत नही."

गाडी आली. कंडक्टरनं मोळी टपावर टाकली. लेक आधी चढली, मग तिनं आईला हात दिला. मावशी खिडकीशी बसली आणि मुलाला मांडीवर घेतलं. मुलगा काचेवर तळहात आपटत होता.

त्यानंतर एका ड्रायव्हरकडून दोनदा तिची खुशाली कळली. गुळाच्या ढेपांसाठी टोपल्या विणते, नातू शाळेत जायला लागला, असं त्यानं सांगितलं. मग आमची बदली शहाद्याकडे झाली आणि तो ड्रायव्हर आम्हाला पुन्हा भेटला नाही.